नाक खाली, मग वळण

जागृतीने स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळच गेली.

चौक गावाच्या रस्त्यावरचं ते वळण तिच्या रोजच्या पायाखालचं होतं. त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला, ऊन कोवळं होतं, गाडी मस्त पळत होती, म्हणून तिने वेग कमी केला नाही, इतकंच. पुढची चाकं वळलीत हे हाताला कळत होतं, तरी बॉनेट हट्टाने समोरच्या शेताकडेच बघत होतं. तिने स्टेअरिंग आणखी फिरवलं. टायर किंचाळले. मग घाबरून ब्रेकवर पाय दिला आणि गाडी रस्ता सोडून गवतात उतरली, गटाराच्या मऊ चिखलात उजवं चाक रुतवून बंद पडली. पलीकडे पिकलेलं भात जसंच्या तसं उभं होतं. एक बगळा उडाला, वर घिरटी घालून पुन्हा खाली बसला.

जागृती तशीच बसून राहिली. खोटं कशाला, भीती होतीच. पण भीतीपेक्षा जास्त होता राग. आठ महिन्यांपूर्वी वर्षभर वाचून, विचारून, चालवून बघून तिने ही लाल गाडी घेतली होती. छोटीच, पण टर्बो इंजिनाची, रुंद टायरची. भिसेगावातल्या घरापासून रसायनीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेपर्यंतचा रोजचा रस्ता तिला त्या गाडीमुळे आवडायला लागला होता. आणि आज त्याच गाडीने तिचं ऐकलं नव्हतं.

मागून एक पिकअप येऊन थांबला. त्यात भाताची पोती रचलेली होती. चालकाच्या बाजूने एक बाई उतरली. पंचेचाळिशीची, काटक, गुडघ्याच्या खाली नेसलेलं लुगडं आणि वर पुरुषी शर्ट.

"लागलं का ताई तुमाला?"

"नाही. गाडी वळलीच नाही हो."

"बगितलं ना मी मागनं." बाई खाली वाकून रुतलेलं चाक बघत होती. "वळणाच्या आधी तुमचा ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाय. आत शिरल्यावर लागला. तवर उशीर झाला व्हता."

"मी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं होतं."

"म्हणूनच नाय वळली."

जागृतीला हे उत्तर काही समजलं नाही. बाईने सीटमागून जाड दोर काढला, लाल गाडीच्या मागच्या हुकात अडकवला, दुसरं टोक पिकअपला बांधलं. पोत्यांच्या वजनाने पिकअपची मागची चाकं रस्त्याला घट्ट धरून होती. एक हिसका, दुसरा हिसका, आणि गाडी चिखल गाळत रस्त्यावर आली. बंपर थोडा खरवडला होता, बाकी काही नाही.

दोर गुंडाळता गुंडाळता बाई म्हणाली, "चाकं बिचारी थांबतील का वळतील? दोन्ही कामं एकदम सांगितली, तर एकबी करीत नायत."

तिचं नाव ठकी. डोंगराकडेच्या ठाकूरवाडीतली. हंगामात शेतकऱ्यांचं भात कर्जतच्या गिरणीवर पोचवायची. इतकं सांगून ती गेलीसुद्धा.

संध्याकाळी भाऊ योगेंद्रने खरवडलेल्या बंपरवरून हात फिरवला आणि सगळं माहीत असल्यासारखा हसला. "ह्याला अंडरस्टिअर म्हणतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या असंच करतात. जोरात वळवलं की तोंड बाहेर काढतात. कंपन्या मुद्दामच गाडी तशी ठेवतात, नवशिक्यांना बरी पडते."

"म्हणजे ह्याला इलाजच नाही?"

"इलाज म्हणजे दुसरी गाडी घे. नाहीतर हळू चालव."

नवशिक्या हा शब्द जागृतीला जेवताना टोचला, झोपतानाही टोचला. दिवसभर ती प्रयोगशाळेत नमुने तपासायची. चुकीचं उत्तर आलं की नमुन्याला नावं ठेवायची नाहीत, आधी आपली पद्धत तपासायची, हे तिला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. गाडीच्या बाबतीत मात्र तिने सरळ गाडीलाच दोष दिला होता. आणि त्या बाईने एका वाक्यात पद्धतीवर बोट ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती गिरणीवर गेली. ठकी पोती उतरवून कोंड्याच्या ढिगाशेजारी चहा पीत होती.

"मावशी, मला शिकवाल का?"

"काय?"

"वळायला."

ठकी इतकी हसली की कपातला चहा हिंदकळला. "अगं बाय, मी चौथीतनं शाळा सोडली. तू कारखान्यात शिकलेली बाई. मी काय शिकवू तुला?"

"तुम्ही त्या दिवशी म्हणालात, पूर्ण फिरवलं म्हणूनच वळली नाही. मला ते कळलं नाही. चार दिवस तेच डोक्यात आहे."

ठकीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग कप खाली ठेवला. नवऱ्याचा, लडकूचा, पाय सहा वर्षांपूर्वी झाडावरून पडून मोडला, तेव्हापासून गाडी तिच्याकडे आली होती. वाडीचा रस्ता चढाचा, वळणावळणाचा. "मागं पोती भरली की गाडीचं तोंड हलकं व्हतं," ती हाताचा पंजा वर उचलून दाखवत म्हणाली. "हलक्या तोंडाची गाडी वळत नाय, सरळ दरीकडं बगते. मला कुणी शिकवलं नाय. दोनदा दरी बगितली, मग शिकले."

मंगळवारी भल्या सकाळी, जागृतीच्या कामाच्या वेळेआधी, दोघी पळसदरीला गेल्या. धरणाच्या अलीकडे एक रिसॉर्ट बंद पडलेलं होतं, त्याचं ऐसपैस डांबरी आवार रिकामं असायचं. तिथला राखणदार नागू ठकीच्या मावशीचा मुलगा. त्याने फाटक उघडलं आणि स्वतः लांब पायरीवर जाऊन बसला, अंगावर गाडी आली तर पळता यावं म्हणून.

ठकीने आधी टायर दाबून बघितले. "दगड हायत का काय?"

"चाळीस हवा आहे. कडक टायर म्हणजे स्पोर्टी, असं एकाने सांगितलं होतं."

"त्यालाच बसव गाडीत."

दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीने तेहेतीस लिहिलं होतं. आठ महिने ती पट्टी तिथेच होती आणि जागृतीने ती वाचलेली नव्हती. हातपंपाच्या काट्यावर बघत तिने चारही टायर तेहेतीसवर आणले.

मग ठकी शेजारी बसली. आवारात टोकाला दोन पिंपं ठेवली होती, त्यांना वळसा घालून परत यायचं. पहिल्या फेरीत गाडी पिंपापासून पार बाहेर गेली. दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्यांदा जागृतीने दात आवळून स्टेअरिंग आणखी पिळलं, आणि टायर तसेच रडले.

"थांब," ठकी म्हणाली. "तुझे हात बग."

बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"ओढून वळत नाय ती. पुढच्या चाकांवर वजन आलं पायजे. सरळ असतानाच ब्रेक दाब, चांगला दाब. नाक खाली जाईल. नाक खाली असतानाच हात फिरव, थोडाच. आन् ब्रेक एकदम सोडू नको. हात जसा वळंल तसा पाय हलका कर. रेस मागनं द्यायची, बाहेरचा रस्ता दिसला की."

"आणि तरी सुटली तर?"

"तर हात थोडा उलटा सोड. चाकाला परत धरू दे."

हे जागृतीच्या मनाला पटेना. गाडी बाहेर चाललेली असताना स्टेअरिंग सोडायचं म्हणजे बाहेरच जायचं. पण पद्धत तपासायची तर पूर्ण तपासायची. ती निघाली. पिंप जवळ आलं. पाय ब्रेकवर गेला, बॉनेट खाली वाकलं, पट्टा छातीत रुतला. आता, असं ठकीने म्हणायच्या आत तिने हात फिरवला, जेमतेम पाव फेरा, आणि गाडी वळली. रडली नाही, घसरली नाही, बाजूच्या पिंपाला चिकटून आत आली. समोर मोकळं डांबर दिसलं. पाय रेसवर गेला आणि गाडी तीरासारखी सुटली.

ती आवाराच्या दुसऱ्या टोकाला थांबली.

"परत," जागृती म्हणाली.

"परत," ठकी म्हणाली.

त्या सकाळी त्यांनी तीसेक फेऱ्या मारल्या. नंतरच्या दोन मंगळवारीही. दुसऱ्या मंगळवारी ठकी म्हणाली, "मला दे बगू." लाल गाडीच्या सीटवर ती पुढे सरकून बसली, रेसवर पाय ठेवला आणि गाडी अशी उसळली की तिच्या तोंडून शिवी निघाली. टर्बोची सवय तिला नव्हती. तिचा पिकअप सांगितल्यावर विचार करून पळायचा. ही सांगायच्या आत पळत होती. "लबाड हाय गं तुजी गाडी," ती म्हणाली, आणि उतरायचं नावच घेईना.

त्याच आठवड्यात जागृतीच्या फोनवर एक पत्रक आलं. खालापूरजवळ घरांच्या योजनेसाठी सपाट करून डांबर घातलेल्या मैदानावर रविवारी ऑटोक्रॉस होतं. नारिंगी कोन मांडून केलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एकच गाडी, आणि शर्यत फक्त घड्याळाशी. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांचा वेगळा गट. प्रत्येकाला तीन फेऱ्या. कोन पाडला तर दोन सेकंद जास्त. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, एका गाडीवर दोन चालक चालतील.

ती ओळ जागृतीने ठकीला दोनदा वाचून दाखवली.

"लायसन हाय माझ्याकडं," ठकी हळूच म्हणाली.

रविवारी सकाळी आठला मैदान भरलेलं होतं. साध्या गाड्यांच्या गटात अकरा चालक. संयोजक रुद्र माइकवर नावं वाचत फिरत होता. योगेंद्र बहिणीला बघायला आला होता आणि ठकीला हेल्मेट घालताना बघून त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. तिचा अंबाडा हेल्मेटमध्ये मावेना. शेवटी तिने तो सोडला, केस शर्टात खोचले आणि पट्टा आवळला.

पहिली फेरी ठकीची. झेंडा पडला आणि ती सुटली, आणि पहिल्याच वळणावर जागृतीच्या लक्षात आलं की मावशी आज टर्बोच्या नादाला लागलीय. वळणाच्या पोटातच तिने रेस दिली. लाल गाडीचं तोंड बाहेर पडलं, सरळ कोनांच्या रांगेत. एक कोन बंपरखाली अडकून खरखरत शेवटपर्यंत आला. एकसष्ट सेकंद, वर दोन दंडाचे. लोक हसले. एकाने टाळ्याही वाजवल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या.

ठकी उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "तुला सांगते तेच मी इसरले."

"मावशी, तुमच्या पिकअपला वळणात रेस दिली तर काय होतं?"

"काय नाय व्हत. जोरच नाय तिच्यात."

"हिच्यात आहे. आणि हिची पुढचीच चाकं ओढतात. ती वळत असताना तुम्ही त्यांना ओढायलाही सांगितलंत. दोन कामं एकदम."

ठकीने जागृतीच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली.

जागृतीची पहिली फेरी सत्तावन्न पॉइंट नऊ सेकंदांची झाली. दुसरी पंचावन्न सहा. मध्ये ठकीने छप्पन्न सेकंदांची एक स्वच्छ फेरी मारली, एकही कोन न हलवता. पुढे होता पनवेलचा निलेश. तो दर वर्षी यायचा, त्याच्या गाडीला खास शर्यतीचे टायर होते, आणि त्याची वेळ होती चोपन्न एक.

तिसऱ्या फेरीला जागृतीने सीटवर बसून पट्टा आवळला. झेंडा पडला. पहिलं वळण: ब्रेक, नाक, हात. मग नागमोडी कोन, डावा, उजवा, डावा, गाडीचं वजन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतल्यासारखं झुलत होतं आणि ती त्या झुलण्याच्या आत होती, बाहेर नव्हती. सरळ पट्टा आला. दुसरा गेअर, तिसरा. शेवटचं वळण घोड्याच्या नालेसारखं लांब होतं, सगळ्यांना तिथेच बाहेर फेकत होतं. ती जोरात शिरली. ब्रेक धरला, हात वळत गेला तसा पाय हलका करत गेली. आतला कोन दाराला घासतो की काय असा जवळून सरकला. तिने वाट बघितली. वाट बघणं हे त्या वळणातलं सगळ्यात कठीण काम होतं, पाय नुसता शिवशिवत होता. मग बाहेरचे दोन कोन समोर आले आणि तिने रेस पूर्ण दाबली.

"चोपन्न चार," रुद्रचा आवाज आला. "दुसऱ्या नंबरवर भिसेगावची जागृती."

योगेंद्र प्रेक्षकांपुढच्या दोरावरून वाकून काहीतरी ओरडत होता. तिला ऐकू आलं नाही. हेल्मेटच्या आत तिचा स्वतःचाच श्वास भरून राहिला होता.

आता ठकीची शेवटची फेरी. जागृती दोराला धरून उभी राहिली. आपली गाडी बाहेरून अशी पळताना तिने कधी पाहिलीच नव्हती. पहिल्या वळणाआधी लाल दिवे लागले, बॉनेट वाकलं, गाडी आत वळली. इतकं सोपं दिसलं की कुणालाही वाटावं, आपल्यालाही जमेल. नागमोडी कोनांतून ती पाण्यासारखी गेली. सरळ पट्ट्यावर टर्बोची शीळ ऐकू आली. योगेंद्रने निलेशची इथवरची वेळ टिपून ठेवली होती; जागृतीने त्याच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मावशी निलेशच्या पुढे होती.

नालेच्या वळणात ती शिरली, जरा जास्तच वेगाने. टायर किंचाळले. लाल नाक सरळ झालं, कोनांच्या रांगेकडे निघालं.

"गेली," योगेंद्र म्हणाला.

काचेतून ठकीचे हात दिसत होते. ते वळणाकडे पिळले गेले नाहीत. ते उलटे आले, थोडेसेच, दार लोटून घेतल्यासारखे अलगद. रेसचा आवाज बसला. एक क्षण गाडी खरोखरच बाहेरच्या कोनाकडे निघाली होती, आणि मग चाकांनी डांबर पुन्हा धरलं, नाक आत आलं, शेवटचा कोन तिच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर उभाच राहिला. लोक ओरडत होते. जागृतीला कळलं की त्यात तिचाही आवाज आहे.

"चोपन्न तीन. कोन एकही नाही. निलेश पहिला, ठकीबाई दुसऱ्या, जागृती तिसरी."

जागृती धावत गाडीपर्यंत गेली. ठकीने हेल्मेट काढलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले होते. "सुटली व्हती गं."

"बघितलं मी. हातही बघितले."

"जरा आधी ब्रेक दाबला असता ना, तर त्या पोऱ्याला धरला असता मी." तिचे डोळे चमकत होते. जागृतीने तिचे दोन्ही हात धरले.

निलेश स्वतः आला. ती गाडी परत कशी आणली, असं त्याने विचारलं, आणि ठकीने पंजा हवेत धरून त्याला नाक वर, नाक खाली दाखवलं. बघता बघता सात-आठ जण जमले. कुणी टायरची हवा विचारत होतं, कुणी ब्रेक कधी सोडायचा ते. योगेंद्र मागे उभा राहून निमूट ऐकत होता. मग घसा साफ करून म्हणाला, "मावशी, एखाद्या मंगळवारी मी पण येऊ का?"

"ये की. पण तू नवशिका, मागं बसायचं," ठकी म्हणाली, आणि जागृतीला हसू आवरेना.

तेवढ्यात लडकूचा फोन आला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

"गाडी मोडली का त्या ताईची?"

"नाय मोडली. दुसरा नंबर आला माजा."

"आन् ताईचा?"

"तिसरा. माज्या मागं."

"मग तिनं राग नाय धरला?"

ठकीने फोन जागृतीच्या तोंडासमोर धरला.

"लडकूकाका," जागृती म्हणाली, "माझी गाडी आज दुसरी आली आणि तिसरीपण आली. राग कशाचा धरू?"

रुद्र कागद घेऊन आला, प्रशस्तिपत्रावर लिहायला पूर्ण नाव हवं होतं. ठकीने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, ठकी लडकू दरवडा, आणि ते बरोबर लिहिलं जातंय ना, हे त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग कागदाची घडी न करता तो दोन्ही हातांत धरून ती पिकअपकडे निघाली. चौकहून बारा पोती उचलायची होती, गिरणीवाला वाट बघत असणार.

दाराशी ती थांबली आणि किल्ली जागृतीकडे टाकली.

"लाल गाडी भाऊ आणील. तू ही घे. पोती भरली की सांगते, हलक्या तोंडाची म्हंजे काय ते."

जागृतीने पिकअपच्या उंच सीटवर चढून स्टेअरिंग हातात घेतलं. ते केवढंतरी मोठं होतं. शेजारी ठकीने प्रशस्तिपत्र काचेला टेकवून उभं केलं, पट्टा लावला आणि मांडी ठोकून म्हणाली, "चल."